आपलीच लेक समजा

फुलचूर, गोंदिया
८ डिसेंबर २०२४

प्रिय केवळदादास,
अल्काचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू रेंज नाही म्हणून कट करतोस, म्हणून आता कागदावर भांडून राहिली. हे तरी पुरतं वाच.

तुझी लेक भूमिका आयटीआयमधून कॉम्प्युटर दुरुस्ती शिकली, म्हणून तिला माझ्याकडे ठेवून चुन्नीलालशेठच्या दुकानात लावलं ना? पोरीनं अजून एका मशीनचा स्क्रू खोलला नाही! पंख्याखाली खुर्ची, शेठच्या डब्यातली भाजी आणि दिवसभर गिऱ्हाइकांना या, बसा. तिच्या मागून कामाला लागलेला पोरगा ओमेश मात्र लॅपटॉप खोलून राहिला. काल पोरगी म्हणे, आत्या, शिकलेलं सारं हात विसरून राहिले.

माझं डोस्कंच सणकलं. दुकानात जाऊन शेठला चांगला झाडला. तर तोच रुसला! म्हणे, तुमच्या भावानंच नव्या तांदळाचं पोतं उतरवून हात जोडले आणि सांगितलं, आपलीच लेक समजा. माझी लेक मशीन खोलत नाही, लोकांच्या घरी दुरुस्तीला जात नाही, मग हिला कशी पाठवू?

आता बोल! काऊन म्हटलं तू असं? ये आणि आपला शब्द वापस घे.

तुझी रागावलेली,
अल्का


अर्जुनी मोरगाव
१५ डिसेंबर २०२४

चि. अल्कास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. तुला सासरी पाठवताना तुझ्या सासऱ्यालाही मी हेच बोललो होतो, तेव्हा बरं गोड लागलं! परक्या शहरात पोरगी सोडताना बापानं काय म्हणायचं, हिला राबवा? हात जोडून दिलेला शब्द मी वापस घेणार नाही. शेठ जीव लावून राहिला, तर तुझ्या पोटात कायले दुखते?

नसेल जमत तर पोरीला गाडीत बसवून दे. इथं तिला पाहायला पाहुणे येतो म्हणून राहिले.

धान चुरून झालं, मळणी आटोपली. घरी सर्व खुशाल.

तुझा दादा,
केवळराम


फुलचूर
२२ डिसेंबर २०२४

प्रिय दादास जयभीम. वि. वि.

पाहुण्यांना चहा पाज आणि वाटेला लाव. तुझं पत्र मी भूमिकाला वाचून दाखवलं. वाचता वाचता माझा आवाज चढत होता. सकाळी ती दुकानात गेली, आपली खुर्ची उचलून गिऱ्हाइकांच्या बाजूला ठेवली आणि शेठला सरळ सांगितलं, माझे बाबा अर्जुनीला आहेत, ते एक पुरे आहेत. तुम्ही मला ओमेशला रागावता तसं रागवा. शेठचं तोंड एवढंसं झालं. रागारागात एक बंद पडलेला कॉम्प्युटर त्यानं तिच्यापुढे आणून ठेवला.

पोरीनं तो चालू केला, पण आतल्या पंख्याची वायर जोडायचीच विसरली. मशीन तापली. शेठ असा ओरडला म्हणे, की बाजूचा पानठेलेवाला पाहायला आला. मला वाटलं, घरी येऊन रडते आता. तर बाप्पा, दोनदा भात वाढून घेतला आणि शेठ कसा ओरडला त्याची नक्कल करून दाखवत बसली! उद्या ओमेशसोबत एका शाळेतल्या मशीनी पाहायला जायचं आहे तिला.

तेव्हा कोणी सांगितलं, की शेठ तुझ्या पोरीवर ओरडते, तर भांडायला धावत येऊ नको.

तुझा लोभ आहेच, दादा. तो घरीच ठेव, दुकानात पोचवू नको.

तुझी,
अल्का