ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली चौकट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त यंत्र अभियंता आणि आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचा गेली एकतीस वर्षे चिटणीस, असे लिहून ठेवतो की माझे डोके आज ठिकाणावर आहे आणि कोणी मानगुटीवर बसून हे लिहून घेतलेले नाही. उलट, "इतकं सविस्तर लिहायची गरज नसते हो," असे वकीलबाईंनी दोनदा सांगूनही मी सविस्तर लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे राहते घर आणि बँकेतील ठेवी माझ्या पश्चात पत्नीच्या एकटीच्या मालकीच्या राहतील, तिच्यानंतर दोन्ही मुलींच्या समान. घरात इंजिनिअर असूनही स्वयंपाकघरातला नळ बावीस वर्षे ठिबकतो आहे, हे तिने प्रत्येक पाहुण्याला सांगितले आहे. तो आता प्लंबरकडून नीट करून घ्यावा.

कलम २. अ‍ॅल्युमिनियमची शिडी मी मेव्हण्यांना देत आहे. "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून त्यांनी ती अकरा वर्षांपूर्वी नेली असल्यामुळे ताबा देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पान्यांचा संच मात्र थोरलीचा. तो मेव्हण्यांच्या नजरेस पडू देऊ नये.

कलम ३. कॉलेजातल्या नव्या ड्रॉइंग हॉलला माझे नाव द्यायचे संघाने ठरवले आहे. ते देऊ नये. कारण पुढे लिहिले आहे आणि ते वार्षिक सभेत थोरलीने मोठ्याने वाचून दाखवावे. तिला ते जड जाईल, पण दुसरे कोणी वाचले तर मधली वाक्ये गाळेल.

शेवटच्या वर्षी आम्हाला दोघादोघांत प्रकल्प होता. माझा जोडीदार अंगाने काडी आणि ड्रॉइंगच्या गुंडाळ्या बांधायला खिशात कायम सुतळी बाळगणारा, म्हणून सगळे त्याला सुतळीच म्हणत. पंपाची सगळी ड्रॉइंग त्याने काढली. मी शेजारी बसून चहा प्यायलो आणि मापे तपासली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात दोन ओळी: "काढले" आणि "तपासले". पहिल्या ओळीत त्याचे नाव होते, दुसरीत माझे.

एक मोठी कंपनी ड्रॉइंग बघून वर्गातला एकच जण उचलणार होती. त्या आठवड्यात सुतळी टायफॉइडने घरी पडून होता. मी अर्ध्या ब्लेडने ट्रेसिंग पेपरवरची शाई खरवडली, जागा नखाने घासून गुळगुळीत केली आणि नावांची अदलाबदल केली. सातही कागदांवर. एखाद्यावर हात घसरला असता तर कदाचित थांबलो असतो. घसरला नाही. कंपनीचे साहेब म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." मी "थँक्यू सर" म्हणालो आणि नोकरीला लागलो.

बरा होऊन आल्यावर सुतळीने एक कागद खिडकीसमोर धरला. खरवडलेल्या जागी उजेड जास्त येतो. "ब्लेड नवीन होतं का रे?" एवढेच त्याने विचारले. मी "हो" म्हणालो. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पुढे तो एका पंपदुरुस्तीच्या कारखान्यात चिकटला आणि मी वर चढत गेलो. माझ्या फोनने दीडशेहून जास्त मुले नोकरीला लागली असे संघाच्या स्मरणिकेत छापले आहे, आणि ते खरे आहे. सुतळीने चार वेळा घर बदलले आणि चारही वेळा मला कार्ड टाकून नवा पत्ता कळवला. मी मेळाव्याचे आमंत्रण दरवर्षी त्याच्या पहिल्या पत्त्यावर पाठवले. पाकीट परत आले की ते सभेत उंच धरायचो: "बघा, प्रयत्न तर करतोय, पण सुतळीचा पत्ताच लागत नाही!" लोक हळहळायचे. तो चारचौघांत येऊन त्या चौकटीचे बोलेल, याची मला धास्ती होती.

चौथ्या कार्डावर पत्त्याखाली दोन ओळी होत्या. "कारखाना बंद झाला. कुठे काही असलं तर कळव, कसलंही काम चालेल." आम्ही तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होतो. त्या महिन्यात मी सात जणांची शिफारस केली. त्यात तो नव्हता. मला याची लाज वाटते. हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे असे वकीलबाई म्हणाल्या. राहू दे.

कलम ४. माझी कंपासपेटी, ड्रॉइंगची फळी आणि टी-स्क्वेअर सुतळीला द्यावे. (हे कलम रद्द. कारण खालीलप्रमाणे.)

या मृत्युपत्राचा मसुदा मी सुतळीला पाठवला, या वेळी बरोबर पत्त्यावर. आज दुपारी तो स्वतःच आला. दार पत्नीने उघडले. "कोण आपण?" "वर्गमित्र," तो म्हणाला. जेवणाच्या टेबलाशी बसून त्याने सगळे दोनदा वाचले. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

सह्यांसाठी आलेल्या वकीलबाईंना आणखी एक साक्षीदार हवा होता. "मी करतो सही," सुतळी म्हणाला.

"तुम्हाला यात वस्तू मिळतायत. तुम्ही साक्षीदार नको."

"मग ते कलम काढा."

"अरे, पेटी तरी घे," मी म्हणालो.

"आता काय करू पेटी घेऊन? हात थरथरतो माझा." मग मसुदा माझ्याकडे सरकवत म्हणाला, "मला वाटायचं, तू विसरून गेला असशील. ते जास्त लागायचं."

मी विसरलो नव्हतो, हे येथे नमूद करतो. सबब पेटी, फळी आणि टी-स्क्वेअर धाकटीला द्यावे.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १४ मार्च, गुरुवार

लिहून ठेवणार: (सही) दोन मुलींचा बाप, संघाचा चिटणीस

साक्षीदार पहिला: (सही) खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य

साक्षीदार दुसरा: (सही) सुतळी

(दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीखाली, पेन्सिलीने, ड्रॉइंगच्या सुट्या अक्षरांत)

टायफॉइड नव्हे, कावीळ. कागद सात नव्हे, आठ. आठवा मी आजारपणात घरी नेला होता. त्याची चौकट जशीच्या तशी आहे, आणि तो आजवर मी कोणाला दाखवलेला नाही. बाकी सर्व बरोबर. तपासले.