काजं नसलेला कोट

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सुट्टीत तू माझ्या चिमणीची बुद्धीची चाचणी घेतलीस, तिच्यात ती वयाच्या मागे निघाली, हे वाचून काळजात चर्र झालं. शाळेत मुलं तपासण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही, तेव्हा खोटं तरी कसं म्हणू? माझं शिवणाचं दुकान, दिवसभर मशीनची खडखड. पोर काही विचारते तेव्हा नेमक्या माझ्या तोंडात टाचण्या. मी नुसतं हं म्हणते. तुझ्याकडे पुस्तकं आहेत, बोलायला माणसं आहेत. तू म्हणतेस तसं तिला शिकायला रविवारी तुझ्याकडे आणून सोडते. सहा वर्षांची आहे गं, घर खायला उठेल. तिचं नेमकं काय चुकलं, एवढं मात्र कळव.

माया आहेच, ती राहू दे.

तुझी धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुला कळवायचं म्हणून चिमणीचा कागद पुन्हा काढला. सातव्या प्रश्नात कोटाचं चित्र आहे, त्यात काय राहिलंय ते सांगायचं. उत्तर, वरून दुसरं बटण. चिमणीने ‘काजं’ असं सांगितलं होतं आणि मी फुली मारली. काल चित्र नीट पाहिलं नि कपाळावर हात मारला. त्या कोटाला एकही काज नाही! बावीस वर्षं मी तो मुलांना दाखवतेय. कोट घालणाऱ्यांना बटण दिसतं, शिवणारणीच्या लेकीला काज. एका सुताराच्या मुलीने खुर्चीच्या चित्रात अशीच खोड काढली होती, तेव्हा मी हसले होते. ती पुढे कुठे गेली, मला ठाऊक नाही. मनातून जात नाही गं ती.

पण गोष्ट सांग म्हटल्यावर चिमणी चार शब्दांत अडली, तेही खरंच. तिच्या कानावर पुरेसं बोलणंच पडलेलं नाही. तिला पाठवू नकोस, पुस्तकं मी पाठवते. बोलायचं मात्र तुलाच.

या अतिशहाण्या बहिणीवर राग धरू नकोस.

ताई

१५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तकं मिळाली. टाचण्यांसाठी मनगटाला बांधायची छोटी गादी शिवली, तोंड मोकळं झालं. आता पोर इतकी बोलते, की माझी मापं चुकायची वेळ येते! सोबत तिने काढलेला कोट आहे: काजं पाच, बटणं चार. तुझा जुना फाडून टाक, असा निरोप आहे.

एक सांगायचं राहिलं. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडात टाचण्या नाहीत असं पाहून तिने हळूच विचारलं, “आई, माझ्यावरचा तुझा राग गेला का?” ताई, एवढे दिवस पोरीला तसं वाटत होतं. मी मशीन थांबवलं आणि तिला मांडीवर घेतलं.

आम्हा मायलेकींवर लोभ वाढता ठेव.

तुझी धाकटी