दोन वस्त्यांची बरजीबाई

१५ एप्रिल २००३
जयपूर आवडलं! रेल्वेने बाबांची बदली इतक्या लांब केली म्हणून भुसावळ सोडताना मी रडले होते, आणि इथे येऊन पंधरवडा होत नाही तोच मला नोकरी. विद्याधर नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरापासून विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतले कारखाने जवळच. तिथल्या धर्मादाय दवाखान्यात मी आजपासून नर्स. कुणी गौतमी म्हणत नाही, सगळ्यांची मी ‘सिस्टरजी’. डॉक्टर माथुर सज्जन, हळू बोलणारे. आणि झाडलोट करणाऱ्या बरजीबाई. विधवा, मूलबाळ नाही, मागेपुढे कोणी नाही. माझ्या डब्यातली शेवभाजी खाल्ली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि म्हणाल्या, “बाईसा, तुम्हारे गाँव में मिर्ची के सिवा कुछ उगता नहीं क्या?”

दवाखान्याच्या दोन बाजूंना मजुरांच्या दोन वस्त्या, वरची आणि खालची. पाण्याची टाकी दोघींत एकच. कुठल्याही वस्तीतलं मूल असो, सुई टोचून घेताना त्याला बरजीबाईंची मांडी लागते.

२ मे
वरच्या वस्तीतलं एक मूल गेलं. गुलाब नावाच्या बाईचं. जुलाब, उलट्या. पाठोपाठ खालच्या वस्तीतलंही. दोघांना शेवटपर्यंत बरजीबाईंनीच मांडीवर घेतलं होतं.

टाकीचं पाणी मी पेल्यात घेऊन उजेडात धरलं. जांभळट झाक. कापड रंगवण्याच्या कारखान्याचं गटार टाकीला लागूनच वाहतं. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पेला बेसिनमध्ये ओतला आणि म्हणाले, दवाखाना त्याच मालकाच्या देणगीवर चालतो.

६ मे
वरचे म्हणतात खालच्यांनी टाकीत विष कालवलं. खालचे म्हणतात वरच्यांनी. गल्लीच्या तोंडाशी आज सळया, कुऱ्हाडी दिसल्या. गुलाब टाकीजवळ नुसती बसून आहे. मी घरोघर जाऊन पाण्याचं सांगितलं, ते पिऊ नका म्हणाले. कोणी ऐकत नाही. पाण्याला मारता येत नाही ना.

७ मे
दोन्ही वस्त्यांचे पंच दवाखान्यात बसले. मी दाराआड. कोणीतरी म्हणालं, दोन्ही मुलं बरजीच्याच मांडीवर मेली. ती डाकण आहे, चेटकीण. कुणी ‘नाही’ म्हटलं नाही. उलट सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला दाराआड ऐकू आला.

नंतर डॉक्टर मला समजावत म्हणाले, “सिस्टरजी, नाहीतर आज या गल्लीत मुडद्यांचा ढीग पडेल. ही एकच बाई. तिच्यामागे रडणारंही कोणी नाही.”

मी म्हणाले, मी रडेन.

“रो लेना,” ते म्हणाले.

मागच्या दाराने बरजीबाईंना रिक्षात घालून घरी आणलं. सगळं ऐकून बाबांनी त्यांचं अंथरूण घातलं. म्हणाले, पोरी, दार लावून घे.

९ मे
बरजीबाई सापडत नाहीत म्हणून वस्त्या पुन्हा एकमेकींवर उठल्या. झोपड्या पेटल्या. एका झोपडीत एक म्हातारा आणि त्याची नात होती. पोलिसांची गाडी आली, पण तिला गल्लीत शिरताच आलं नाही. डॉक्टर आमच्या दारात येऊन हे सांगून गेले, आवाज न चढवता. ही तुमची करुणा, म्हणाले.

बरजीबाई आत बसून ऐकत होत्या.

१० मे
बाबा ड्यूटीवर. दुपार. बरजीबाई न्हाल्या. माझ्याकडून वेणी घालून घेतली. मग दार उघड म्हणाल्या. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

“बाईसा, मेरे नाम से अब और बच्चे नहीं जलेंगे.”

मी म्हटलं, तुम्ही काहीच केलेलं नाही.

“ये तू जानती है. बस, जानती रहना.”

मग त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

कडी मीच काढली. मला वाटलं होतं माझा हात हलणारच नाही. हलला.

११ मे
टाकीजवळच. भर उन्हात. गुलाबने सांगितलं, कोरड्या डोळ्यांनी. दोन्ही वस्त्यांनी मिळून — मला लिहवत नाही —

बुद्धांच्या तसबिरीसमोर बाबा बसून आहेत. मेणबत्ती लावलेली नाही. माझ्याकडे बघत नाहीत.

१५ मे
शांतता. वरच्या वस्तीतून खालच्या वस्तीत लापशी गेली. डॉक्टर म्हणाले, बघा, किती घरं वाचली. घरं वाचली हे खरं आहे. हेच मला सहन होत नाही.

आज एक मूल सुईला आलं आणि बसायचं कुठे म्हणून इकडेतिकडे बघत उभं राहिलं.

१९ मे
आणखी एक मूल. उलट्या. तेच पाणी —

या वेळी आरडाओरडा नाही. कुऱ्हाडी नाहीत. बायका नुसत्या एकमेकींकडे बघतात. चेहरे चाचपडल्यासारख्या. कोण एकटी आहे — कोणामागे कोणी नाही —

डॉक्टरांना म्हटलं, बोला, एकदा तरी सांगा की पाणी. त्यांनी पिशवी उचलली आणि गेले.

२० मे
डॉक्टर आलेच नाहीत. दवाखान्यात मी एकटी. पायऱ्यांसमोर दोन्ही वस्त्या. एकत्र. शांत.

विचारतात, सिस्टरजी, अब कौन? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा.

कोणी नाही, पाणी, पाणी म्हणून ओरडले. ऐकून घेतात — मान डोलावतात — पुन्हा तेच. कौन?

गुलाबने सासूला पुढे आणलं आहे. हात धरून, जपून. म्हातारीला दिसत नाही. हसते आहे. तिला वाटतंय सुईला आणलंय — बाही वर करून उभी —

मी बाहेर जाते. तिला आत ओढून घेते, आणि मग कोणीही जळालं तरी मी या वेळी कडी काढणार नाही —