दसऱ्याचं तेल

प्रिय ओवी,

तू माझा फोन उचलत नाहीस, आणि आईला मात्र नेमकी मी फिरायला गेलो की फोन करतेस, हे माझ्या लक्षात आलंय. वीस वर्षं बोर्डाच्या भरारी पथकात कॉप्या पकडल्यात मी. पण ते असू दे. आज गाडीबद्दल लिहितोय.

दिवाळीत तू ती इगतपुरीला नेऊन आणलीस, तेव्हापासून सुरू झालेले धक्के वाढतच गेले. दुसरा गिअर पडताना कुणीतरी मागून ढकलल्यासारखं व्हायचं, आणि गाडी तापली की रिव्हर्स पडायचाच नाही. आईचा डावा पाय पोलिओने अधू, क्लच तिला दाबता येत नाही, म्हणून तर सोळा वर्षांपूर्वी आपण ही ऑटोमॅटिक घेतली. गाडी उभी राहिली आणि तिचा सातपूरचा भरतकामाचा वर्गही बंद पडला. रिक्षात चढताना कुणी हात दिलेला तिला खपत नाही. दुपारभर खिडकीत बसून असते, आणि बोलते ते फक्त तुझ्याबद्दल.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये म्हणाले, अख्खा गिअरबॉक्स बदला, नाहीतर गाडीच काढून टाका. यांचं शोरूमवाल्यांशी साटंलोटं असणार, हे मी तिथेच ताडलं. मग शेजारच्या शेखरने अंबडच्या भिकाचं नाव सुचवलं. शेखर एवढा आग्रह का करतोय, यावरही मी दोन दिवस घालवले. त्याचा तिथे काही हिस्सा नाही, असं शेवटी आईनेच मला पटवलं.

भिका मूळचा नामपूरचा, बोलतो अहिराणीत. फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो. एक चक्कर मारून आला आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "काका, हाऊ मरेल नई शे." हा मेलेला नाही, नवा गिअरबॉक्स नको, तेल आणि फिल्टर बदलू, आतले व्हॉल्व्ह उघडून साफ करू, तेवढ्यात काम होईल. इतकं स्वस्तात होतंय म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला. मी आईची लाल नेलपॉलिश घेऊन गेलो आणि निघेल त्या पार्टवर टिंब देत बसलो, म्हणजे अदलाबदल केली तर सापडेल. तीन दिवस त्याच्या स्टुलावरून हललो नाही. त्याला राग यायला हवा होता, पण गडी स्वतःच टिंब द्यायचा राहिलेला एकेक पार्ट पुढे करायचा, "काका, हाई राहिनं."

त्याची एक पद्धत आहे. काढलेलं जुनं तेल तो पारदर्शक बाटलीत भरून, वर गाडीचा नंबर लिहून गिऱ्हाइकासमोर ठेवतो. ह्या गिअरबॉक्सचं तेल सरबतासारखं लाल असायला हवं. आपल्या बाटलीत काळपट फेस होता. त्याने बोटांवर चोळून पाहिलं, वास घेतला, आणि विचारलं, ह्यात इंजिनचं ऑइल कुणी ओतलं? तेही इतकं? मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, मुलगी घेऊन गेली होती, तिनेच कुठल्या तरी पंपावर भरून घेतलं असेल.

काल गाडी तयार झाली. लोण्यासारखी चालते, रिव्हर्सही पडतो. काम करताना बाजूला काढून ठेवलेलं डिकीतलं सामान भिका परत ठेवत होता. त्यात इंजिन ऑइलचा रिकामा डबा निघाला. डब्यावर हळदीकुंकवाची बोटं, आणि टोपणाला झेंडूची वाळलेली पाकळी चिकटलेली. ती बोटं माझीच होती, ओवी. पूजेच्या दिवशी वाहनाला ताजं तेल पाजायचं, ही माझी राजदूत मोटरसायकलपासूनची सवय. दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, तेल मोजायची काडी ओढून पाहिली, कमी वाटलं, आणि उरलेला सगळा डबा त्याच नळीत रिकामा केला. त्या बॉनेटखाली काड्या दोन आहेत. मी ओढली ती गिअरबॉक्सची होती. भिकाने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाला, "काका, पूजा मात्र मस्त करेल शे."

दिवाळीत अंगणात, गौरांगसमोर, आपल्या जावयासमोर, मी तुला म्हणालो होतो की गाडी नाही, आईचा पाय मोडलास तू. तू गाडीची दुसरी किल्ली चपलांच्या मांडणीवर ठेवलीस आणि फराळही न करता निघून गेलीस. चार महिने मी सगळ्या नाशिकवर संशय घेतला, स्वतःवर सोडून. आईला अजून सांगितलेलं नाही, कारण आधी तुला सांगायला हवं होतं, आणि तू फोन उचलला असतास तरी हे माझ्या तोंडून निघालं नसतं. माझं चुकलं. मला माफ कर. ती किल्ली ह्या पाकिटात घातली आहे. कुरिअरवाल्याचा भरवसा नाही, म्हणून तिच्यावर लाल टिंब दिलंय, ते तपासून घे. आणि ये. गाडी तू चालव, आई शेजारी बसेल. मी मागे बसेन आणि इगतपुरीपर्यंत एक शब्द बोलणार नाही.

तुझाच,
बाबा