जयंतीसाठी राखून ठेवलेला लॅपटॉप

ती. मामाजी,
सप्रेम जयभीम.

उद्या वाशिमला ग्राहक आयोगात आपली पहिली तारीख आहे. तक्रारदार म्हणून नाव माझं असलं, तरी भांडण तुम्ही आणलेल्या लॅपटॉपचं आहे, म्हणून 'आपली' म्हणते. वकील केलेला नाही. मीच बोलणार. दुपारपासून ओसरीवर बसून काय बोलायचं ते घोकते आहे, आणि दर वेळी पहिल्याच वाक्यात तुम्ही येता. मग म्हटलं, आधी तुमच्याशीच बोलून घ्यावं. म्हणजे उद्या तिथे मुद्द्याचंच बोलता येईल.

हे सगळं हातानं लिहिते आहे, कारण लॅपटॉप बंद आहे, मामाजी. मुळात तो धड चाललाच नाही.

तुम्ही तो आणलात तो दिवस आठवतो? बी.कॉम.चं शेवटचं वर्ष मी लग्नानंतर बाहेरून देत होते, फोनच्या एवढ्याशा काचेवर डोळे फोडून. तुम्ही नुसते चष्म्याच्या वरून बघायचात. आणि गेल्या वर्षी मार्चमधल्या एका दुपारी वाशिमच्या गाडीतून उतरलात ते छातीशी खोकं धरून! आयुष्यभर कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही गाडीत सीट मोकळी असली तरी दाराशी उभा राहायचा. त्या दिवशी मात्र म्हणे सीटवर बसून आलात, खोक्याला धक्का लागू नये म्हणून. बिलसुद्धा माझ्या नावावर केलं होतंत. मी हात पुढे केला, तर तुम्ही खोकं मागे घेतलंत.

"आत्ता नाही पोरी. नवं ते जयंतीले. तवरिक हात नाही लावाचा."

आता तुमच्या या नेमाला मी काय म्हणू? आपल्या घरात नवी वस्तू निघायची ती चौदा एप्रिललाच. शर्ट असो, चप्पल असो, माहेरहून आलेला मिक्सर असो. एका वर्षी तर तुम्ही मार्चअखेर कूलर आणलात, आणि जयंतीपर्यंत आम्ही सगळे त्या कूलरच्या डब्यासमोर बसून वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत होतो! मी तेव्हा नवी नवरी. आत्याबाई, म्हणजे तुमच्या सौभाग्यवती, माझ्या कानात म्हणाल्या होत्या, "सवय होईन तुले."

झाली सवय. कारण एकदा तुम्ही मला त्यामागचं सांगितलंत. "आमच्या लहानपनी घरात नवं काही येतच नव्हतं. जे आलं थे जयंतीलेच आलं. नव्या कापडाचा वास आला का मले अजून जयंतीच आठवते." यावर कोण वाद घालणार?

पण एक गोष्ट मी सोडणार नाही, मामाजी. दुकानदारानं तिथल्या तिथे खोकं फोडून, लॅपटॉप चालू करून दाखवतो म्हटलं होतं. त्यानं स्वतः मला सांगितलं. आणि तुम्ही त्याचा हात धरलात! "सील नको तोडू. माह्या सुनेच्या हातानं तुटू दे." अहो, माझ्या हातानं तुटायचा मान दिलात, पण एकदा बटण दाबून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? गाडी डेपोतून काढायच्या आधी ड्रायव्हरला ब्रेक दाबून बघायला लावणारे तुम्ही!

त्याच संध्याकाळी खोकं कपाटात ठेवताना तुम्ही विचारलंत, "पह्यलं काय लिवशीन त्याच्यावर?" मी म्हटलं, तुम्ही सांगाल ते. तुम्ही जरा लाजलात. मग म्हणालात, "माहं नाव लिवजो. पूर्ण. डेपोत ड्यूटीच्या फळ्यावर खडूनं लिवत होते माहं नाव, आन् दुसऱ्या दिवशी पुसून टाकत होते."

आणि जयंतीच्या तोंडावर तुम्ही निघून गेलात. विहारासमोर पताका बांधून घरी आलात, छातीत दुखतं म्हणालात, पाणी मागितलंत. वाशिमच्या दवाखान्यापर्यंत तुम्ही जागे होतात आणि आम्हालाच धीर देत होतात. असं जातं का कुणी, मामाजी? ज्या दिवसाची वर्षभर वाट बघितली, त्याच्या उंबऱ्यावरून?

त्या जयंतीला आपल्या घरात काही नवं निघालं नाही. कोण काढणार? पुढे संदीप, तुमचे चिरंजीव, दोन-तीनदा म्हणाले, "उघडून पाह्य ना वं, तुलेच कामाले येईन." माझं मनच होईना. तुम्ही सांगितलं होतं जयंतीला, तर जयंतीलाच. तुमच्यानंतर नेम मोडणारी पहिली मीच व्हायचं? परीक्षेचा अभ्यास मी फोनवरच केला, आणि पास झाले.

या वर्षी चौदा एप्रिलला सकाळी विहारात वंदना झाली. आल्यावर सगळे ओसरीवर जमले, शेजारचेही. आत्याबाईंनी खोकं तुमच्या फोटोपुढे ठेवलं. सील मी तोडलं. लॅपटॉप सुरू झाला, त्याचे सगळे प्रश्न विचारून झाले, मराठी अक्षरं लावली. सगळे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. मी तुमचं नाव लिहायला घेतलं. 'सुखदेव' उमटलं. आत्याबाई मोठ्यानं वाचायला लागल्या. 'रामभाऊ'मधला 'राम' झाला, तोच पडद्यावर उभ्या रेघा आल्या, थरथरल्या, आणि सगळं काळं झालं.

परत बटण दाबलं. काळं. चार्जर बदलून बघितला. काळं ते काळंच. आत्याबाई फोटोकडे बघून म्हणाल्या, "हे काय केलं तुमी?" मला हसूही आलं आणि रडूही.

दुकानदार बिलाची तारीख दाखवून मोकळा झाला. वर्षाची वॉरंटी मार्चमध्येच संपलेली. मी लॅपटॉप घेऊन अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरला गेले. गाडीत कंडक्टर तुमच्या हाताखाली शिकलेले निघाले. खोकं ओळखीचं नसलं तरी मला ओळखलं त्यांनी. "सुखदेवभाऊची सून उभी राह्यते काय माह्या गाडीत?" म्हणत सीट करून दिली. तिकीट मात्र फाडलं हं, तुमचेच शिष्य!

सेंटरवाल्यांनी उघडून बघितलं. आत धुळीचा कण नव्हता. पहिल्यांदा चालू झाल्याची तारीख मशीनमध्येच नोंदलेली होती, चौदा एप्रिल. पडद्याचा भाग कारखान्यातूनच खराब आला असावा, हे तिथला माणूस तोंडानं कबूल करत होता. पण वॉरंटी संपली, म्हणून दुरुस्तीचा खर्च आमच्या डोक्यावर. तो आकडा ऐकला असतात तर तुम्ही गाडी तिथेच थांबवली असती. मी विचारलं, "जी वस्तू एक दिवसही चालली नाही, तिची मुदत संपली कशी?" त्यानं कंपनीकडे बोट दाखवलं. मग कंपनीला मेल, फोन, परत मेल. सगळीकडून एकच उत्तर, खरेदीची तारीख, खरेदीची तारीख.

म्हणून आयोगात तक्रार दिली. संदीप वैतागले होते. "हप्त्यावर दुसरा घेऊन टाकू. तुही नौकरी महत्त्वाची हाय का थे खोकं?" त्यांचंही चुकत नाही. अकोल्याच्या एका हिशेबनिसांच्या ऑफिसनं मला घरून करायचं काम देऊ केलं आहे. सध्या मी ते गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, वर्ग रिकामा असेल तेव्हा जाऊन करते. ते म्हणतात, स्वतःचा लॅपटॉप झाला की पक्कं करू. थांबायला तयार आहेत, पण जन्मभर थांबणार नाहीत.

आणि आज सकाळी कंपनीचा फोन आला! तारीख आली म्हटल्यावर कंपनीला माझा नंबर आठवला. माणूस फार गोड बोलला. "ताई, सद्भावना म्हणून आम्ही फुकट दुरुस्त करून देतो. तुम्ही तक्रार मागे घ्या आणि एका कागदावर सही करा." कागद फोनवर पाठवला. संदीप खूश. मी वाचत गेले, आणि शेवटच्या ओळीशी अडले. 'ग्राहकाच्या कुटुंबाच्या निष्काळजीपणामुळे वस्तू मुदतीत वापरली गेली नाही.'

आत्याबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, "निष्काळजीपना म्हंजे?"

संदीप म्हणाले, "काळजी नाही घेतली, असं."

हातातली शेंग तशीच राहिली. "कोनं? त्यायनं? त्यायनं तं थो डब्बा माह्या नव्या गोधडीत गुंडाळून ठेवला होता! उंदरं कुरतडतीन म्हनून रोज सकाळी कपाट उघडून पाहत होते. चहा पेयाच्या आंधी!"

मला हे ठाऊक नव्हतं, मामाजी. चहाच्या आधी?

मी त्या माणसाला फोन लावला. म्हटलं, दुरुस्ती आनंदानं घेते, तक्रारही मागे घेते, पण ते वाक्य काढा. तो म्हणाला, मजकूर वरून ठरलेला असतो. म्हटलं, मग माझंही ठरलेलं आहे. फोन ठेवला. संदीपनी माझ्या हातून फोन घेतला आणि ती ओळ परत वाचली. मग म्हणाले, "सकाळी कोनत्या गाडीनं जाचं? मी बी येतो."

हरेनही मी उद्या, कोण जाणे. कागदावरची तारीख त्यांच्या बाजूनं आहे. पण माझ्या बाजूनं तुम्ही आहात. तुमची गाडी वाटेत बंद पडली की तुम्ही काय करायचात, ते मी तुमच्याच तोंडून कितीदा ऐकलं आहे! रस्त्यात उभं राहून मागची गाडी थांबवायची, एकेक प्रवासी जुन्याच तिकिटावर चढवायचा, आणि त्या गाडीचा कंडक्टर कुरकुरला की त्याला सांगायचं, "मानूस ठिकान्यावर पोचला म्हंजे तिकीट संपते. गाडी बंद पडली म्हनून नाही संपत." उद्या मी एवढंच सांगणार आहे, जरा शुद्ध भाषेत.

आणि एक वचन देते. तुमचा नेम चालूच राहील. फक्त यापुढे नवी वस्तू दुकानात चालू करून बघायची, मग परत खोक्यात घालून जयंतीपर्यंत ठेवायची. रागावू नका, सील पुन्हा चिकटवून घेऊ, आणि तोडायला आत्याबाईंना देऊ.

काम मी सोडणार नाही. क्लासमध्ये बसून करीन, उभं राहून करीन, वेळ पडली तर दुसरा लॅपटॉपही घेईन आणि त्यावर लोकांचे सगळे हिशेब लिहीन. पण तुमचं नाव त्यावर लिहिणार नाही. उद्या नाही तर पुढच्या तारखेला, इथे नाही तर वरच्या आयोगात, हाच लॅपटॉप मी चालू करून घरी आणीन, तुमच्या फोटोपुढे ठेवीन, आणि 'राम'च्या पुढचं 'भाऊ इंगोले' त्याच्यावरच लिहीन. फळ्यावरचं पुसलं गेलं, मामाजी. हे अर्धं राहू देणार नाही.

तुमची सून,
करुणा
अनसिंग