धाकटीचं ‘नको’

आई,

धाकटीच्या वागण्याला एक नाव आहे, हे मला कळलं तेव्हा तू जाऊन बरीच वर्षं झाली होती. नातीच्या शाळेत पालकांची सभा होती आणि पुण्याहून एक डॉक्टर आल्या होत्या. काही मुलं नजरेला नजर देत नाहीत, आवाज झाला की कान झाकून घेतात, वस्तू रांगेत मांडत बसतात, असं त्या सांगत होत्या. याला स्वमग्नता म्हणतात, म्हणाल्या. मी मागच्या बाकावर बसून आपल्या धाकटीचंच वर्णन ऐकत होते. यात आईचा काही दोष नसतो, असंही त्या सहज बोलून गेल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या, मला मात्र आजी आठवली. ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस म्हणून पोर अशी निपजली, हे ती चुलीपाशी, पाणवठ्यावर, पाहुण्यांसमोरही बोलायची आणि तू खाली मान घालून भाकरी थापत राहायचीस. उलटून कधी बोलली नाहीस, कारण तुलाही ते खरंच वाटायचं.

भाटघर धरणाचं पाणी आपल्या भाताच्या खाचरांच्या खालीच होतं. धाकटीला त्या पाण्याची ओढ फार. एकदा ती चालत चालत गळ्यापर्यंत आत गेली, वडिलांनी केसाला धरून बाहेर काढली. तेव्हापासून लावणीच्या दिवसांत तू तिला पडवीतल्या खांबाला बांधून जायचीस, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं, कमरेला काचू नये म्हणून आत फडकं घालून. मला शाळा बुडवून तिच्यापाशी बसावं लागायचं. म्हणून एके दिवशी आपल्या शाळेच्या बाई घरी आल्या. त्या भोरच्या, गावात खोली घेऊन एकट्याच राहायच्या. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. तेवढ्यात तू शेतावरून आलीस, गुडघ्यापर्यंत चिखल.

“बांधून ठेवता हिला?” बाईंनी विचारलं.

“पाण्यात जाती, बाई. लावणी सोडून म्या हितं बसू व्हय? मग खायाचं काय?”

बाई पडवीच्या कडेला टेकल्या. मग म्हणाल्या, “मोठीबरोबर हिलाही पाठवा शाळेत. दारापाशी मी बसेन.”

“ती बोलत न्हाई. तिला काय कळायचं तिथं?”

“कळेल न कळेल. बसेल तर खरी.”

अशी धाकटी शाळेत येऊ लागली. घंटेचा टोल पडला की ती किंचाळायची, म्हणून बाईंनी टोल देणंच बंद केलं. हात वर करायच्या आणि आम्ही गप्प व्हायचो. सगळ्यांनी मिळून पाढे म्हणायची वेळ आली की धाकटीला बाहेर कडुनिंबाखाली बसायची मोकळीक, पण तिथून त्यांची नजर हलायची नाही. दुपारच्या खाण्याची सुकडी वाटायच्या आधी वाडग्यांची रांग लावायचं काम त्यांनी तिला दिलं. ती वाकून वाकून एकेक वाडगं सरळ करते आणि पोरं भुकेली असूनही थांबतात, असं काही दिवस चाललं.

मग एका पोरानं गंमत म्हणून रांगेतलं वाडगं लाथाडलं. धाकटी त्याच्या हाताला चावली, रक्त येईपर्यंत सोडेना. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप चार माणसं घेऊन शाळेत आला. येडी पोर शाळेत नको, नाहीतर तालुक्याला जाऊन बाईंची तक्रार करतो, म्हणाला. बाई पोराचीही चूक सांगू लागल्या, पण कोणी ऐकेना. कोणीतरी तुला बोलावून आणलं होतं. तू कोणाशी भांडली नाहीस. धाकटीचा हात धरलास आणि म्हणालीस, “बाई, आमच्यापायी तुमचं वाईट नगं. आमी नेतो.”

त्या रात्री मी तुझ्याशी बोलले नाही. तू हार मानलीस, असं मला वाटलं. सकाळी पडवीत आले तर तू धाकटीच्या कमरेला तीच पट्टी बांधत होतीस. पण दुसरं टोक तू स्वतःच्या कमरेला बांधलंस आणि दोघी खाचरात उतरलात. आवणाची रोपं लावताना ती ओढायची, तू चिखलात बसायचीस, पुन्हा उठायचीस. बाया हसल्या. आजीनं तर तोंडाला पदर लावला.

शनिवारी शाळा लवकर सुटली की बाई बांधावर यायच्या. पाटी आणायच्या, पण धाकटी तिला हात लावायची नाही. मग त्या तिच्यापुढे खडू धरायच्या, तिनं ढकलला की स्वतःच म्हणायच्या, “नको.” पुन्हा धरायच्या, पुन्हा “नको.” पावसाळा सरला, भात कापून झालं, बाई येतच होत्या. आणि एका दुपारी तू तिला भरवायला गेलीस तेव्हा तुझा हात बाजूला सारून धाकटी स्पष्ट म्हणाली, “नको.” तू घास तसाच हातात धरून बाईंकडे पाहिलंस.

“बाई, ही नगं म्हनली.”

“मग देऊ नका,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर तिचं चावणं हळूहळू कमी झालं. पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली, तक्रारीमुळं की आपसूक, ते कळलं नाही. पुन्हा शाळेत नेलं तेव्हा नव्या गुरुजींनी धाकटीला दारातूनच परत पाठवलं. पाटी तिच्या हाती कधी आलीच नाही. ते आजही मला सलतं. आता डॉक्टर सांगतात त्यातलं थोडंसं तरी तेव्हा कोणाला ठाऊक असतं तर, असा विचार येतो आणि मी दुसऱ्या कामाला लागते.

तू गेलीस त्या दिवशी घरात रडारड सुरू झाली तशी धाकटी परसात जाऊन बसली. माणसं पांगल्यावर आत आली, जेवली आणि झोपली. रडली नाही. पाहुण्यांनी विचारलं तर मी म्हणाले, फार रडली. आता ती माझ्याकडे असते, तिची तब्येत बरी आहे. ती तुझी आठवण काढते, असं एक वाक्य मी या पत्रात आधी लिहिलं होतं. मला ते माहीत नाही, म्हणून खोडलं.