आर्द्रात पेरलेलं रोप

चांदे,
आषाढ, सन १९५७

थोरल्या भावजींस सारजा पाया पडते, पण गप ऱ्हाणार न्हाई.

रोहिणीत भाताचं समदं बी राबात, पालापाचोळा जाळून भाजलेल्या वाफ्यात पेरायचं, ही आपल्या घरची रीत. पण गेली चार वर्सं मी बघतेय, रोहिणीत सर पडती, बी उगवतं, आन् मग मिरगात ढग म्हणून दिसत न्हाई. चैत्रागत ऊन पडतं, मुळा नदीकाठची दगडं तापत्यात, कोंब करपून जात्यात. तुमी म्हणता, देव कोपला. मी म्हणते, पाऊस सरकलाय.

म्हणून ह्यांच्या माघारी माझ्या हिश्श्याला आलेलं बी मी यंदा कणगीतच दडवलं. तुमाला कळलं तवा समद्या भावकीम्होरं मला घरबुडवी म्हणालात, आन् रुसून लवळ्याला लेकीकडं जाऊन बसलात.

तुमचं रोप करपलं. मी आर्द्रात पेरलं, ते आता वीतभर झालंय. काल जावयाकडनं निरोप धाडलात, "लावणीला रोप दे म्हणावं."

देईन. पोटाशी माझं भांडण न्हाई. पण आधी भावकी जमवा आन् तो शब्द तितंच माघारी घ्या. म्होरल्या साली पेरणीचा दिस मी सांगीन.

हे पत्र टपालात टाकत न्हाई. तुमाला वाचता येत न्हाई. टाकलं तर ते तसंच घेऊन माझ्याकडंच याल, आन् कायमसारखं म्हणाल, "सारजे, काय लिवलंय बघ गं."

तवा कागदाबिगर या. समदं तोंडपाठ केलंय मी.

तुमची घरबुडवी भावजय,
सारजा